माहेर, वॉर्ड नंबर सात

“वटी तुम्हीच भरायची, काकू,” तात्या पिसाळ म्हणाले. “आमच्यातली दुसरी कुणी पुढं झाली तर लोक म्हणत्याल, राजकारण हाय. तुमच्या हातानं झालं की ते कौतुक दिसंल.”

हातातला कप ते बशीत नुसता फिरवत होते. तात्या कप फिरवायला लागले की समजावं, त्यांचं ठरलेलं आहे. आपल्याला फक्त विचारल्यासारखं करताहेत.

मी तेव्हा टाकळगाव नगरपालिकेची उपाध्यक्षा होते. तिसऱ्यांदा निवडून आलेली, वय एक्कावन्न. गावात मला सगळे माळवदेकाकू म्हणायचे, अजून म्हणतात. तात्या आमच्या गटाचे पुढारी. आणि जिची ओटी भरायची ती जयमाला खराडे, आमची नगराध्यक्षा. विरुद्ध गटाची, वय तेहतीस, शिक्षणानं वकील, आणि नुकताच नववा महिना लागलेली.

जयमाला त्या वर्षी राज्यभर गाजली होती. एका मंत्र्यांच्या कार्यक्रमात तिनं भर व्यासपीठावरून विचारलं होतं, “साहेब, आल्यापासून तुम्ही दोनदा आत जाऊन आलात. आमच्या आठवडी बाजारात दिवसभर माळवं विकणाऱ्या बायांनी कुठं जायचं, तेवढं सांगून जा.” मंत्री हसले, मांडवातल्या बाया उठून टाळ्या वाजवायला लागल्या, आणि टीव्हीवर ते आठवडाभर दाखवत राहिले. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे पत्रकार तिच्या दारात. पोट दिसायला लागल्यावर तर विचारूच नका. एकदा एका मुलीनं माइक पुढं धरून विचारलं, “मॅडम, हे सगळं तुम्ही कसं जमवता?” जयमाला म्हणाली, “जमवत नाही. दुपारी अडीचला झोप अनावर होते, आणि नेमके तेव्हाच मुख्याधिकारी बोलत असतात.” आम्ही विरोधातले असूनही हसलो.

आता भांडण कशाचं, तेही सांगून टाकते. बाजारतळाला लागून पालिकेची मोकळी जागा होती. तिथं बायांसाठी स्वच्छतागृह आणि तान्ही पोरं निजवायला एक खोली, असा जयमालाचा ठराव. तात्यांना तिथं दुकानगाळे हवे होते. सभागृहात आम्ही अठरा जण. नऊ त्यांचे, नऊ आमचे. मतं समसमान पडली की अध्यक्षांचं जादा मत. सभा होती अठ्ठावीस तारखेला. ती खुर्चीवर असली तर गाळे गेले. ती नसली तर खुर्चीवर मी, आणि ठराव नऊ विरुद्ध आठ असा साफ आडवा.

खरं तर माझ्याइतकं तिचं म्हणणं कुणाला पटायला हवं होतं? पालिकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बायांची सोय नव्हती. खाली जन्म-मृत्यू नोंदणीच्या मागं एक होती, तिची किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई कुठं ते देवाला ठाऊक. बारा वर्षं सभेच्या दिवशी सकाळी आठनंतर मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तरी मी तात्यांच्या बाजूची होते, कारण मला खुर्ची हवी होती. महिन्याभरापुरती का होईना, प्रभारी का होईना. आरक्षण पुन्हा फिरून येईस्तोवर माझे केस तरी राहिले असते की नाही कोण जाणे.

तात्यांची युक्ती साधी होती. आमच्याकडं रीत अशी, की पहिलटकरणीची ओटी भरली की तिनं त्याच दिवशी माहेरची वाट धरायची. सासरच्या उंबऱ्यात परत पाऊल टाकायचं ते बाळ घेऊनच. जयमालाचं माहेर परभणीकडं, दहा तासांचा रस्ता.

“हाकलायची गरजच न्हाई,” तात्या म्हणाले. “हळदीकुंकू लावून पाठवायची.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या सासूकडं गेले. सोनाबाई खराडे माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, सरळ मनाच्या. म्हणाल्या, “मागची दोन राह्यली न्हाईत, काकू. म्हणून म्या सातव्यात वटी भरूच दिली न्हाई. नजर लागती वो.”

“मग नवव्यात तरी भरा की, वहिनी,” मी म्हटलं. “बिनओटीची बाळंत होणार का पहिली खेप? तुम्ही काही बघू नका. आम्ही बायका करतो सगळं.”

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. “तुमी दुसऱ्या पार्टीच्या असून माझ्या सुनंचं एवढं करताय.” मला थोडी लाज वाटली. थोडीच.

कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला. चारशे बाया आल्या होत्या, फोटोवाले वेगळे. जयमालाला हिरवी साडी नेसवली, फुलांचा साज घातला, आणि चौरंगावर बसवली. तिचं तोंड पाहून मला कळलं, हिला सगळं कळलेलं आहे. वकिलीण ती, पण सासूला दुखवायचं नव्हतं, म्हणून बसली होती. मी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, खारीक असं सगळं तिच्या पदरात घातलं. कुंकू लावायला वाकले तशी ती हळूच म्हणाली, “काकू, गाडीपण तयार ठेवली असेल.”

“ठेवलीय,” मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

मग तात्यांनी माइक घेतला. “आपल्या अध्यक्षा आज माहेरी निघाल्यात. त्यांनी आता आराम करावा, गावाची काळजी करू नये. हितं आमच्या काकू हायती.” टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, पण मनातून फुलले होते, हे कबूल करायला हवं.

जयमालानं बसल्या जागेवरून हात पुढं केला. तात्यांनी मोठ्या मनानं माइक तिच्या हातात दिला. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी चूक असावी.

“रीत मोडायची नाही,” ती म्हणाली. “आमच्या सासूबाईंचा शब्द मी मोडत नाही. पण मी अकरावीत असताना माझी आई गेली. भाऊ आहे, त्याचं दोन खोल्यांचं घर, वहिनी नोकरीवर जाते. माहेर म्हणजे शेवटी काय? जिथं आई असते ते. आज तुम्हा सगळ्यांदेखत माळवदेकाकूंनी माझी ओटी भरली, आईच्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हा मी त्यांच्याच घरी जाते बाळंतपणाला. वॉर्ड नंबर सात. पालिकेपासून चालत पाच मिनिटं.”

मग मागून एक भाजीवाली ओरडली, “काकू, लेक आली की गं तुला!” आणि सगळं कार्यालय हसायला, टाळ्या वाजवायला लागलं. सोनाबाईंनी गर्दीतून येऊन माझे दोन्ही हात धरले. “माझी पोर तुमच्या पदरात घातली बगा.” मी तात्यांकडं पाहिलं. ते छताचा पंखा बघत होते.

“ये बाई,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दार आमच्या ह्यांनी उघडलं. एस.टी.तून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी जयमालाकडं पाहिलं, तिच्या बॅगेकडं पाहिलं.

“किती दिवस?”

“बाळंत होईपर्यंत.”

“बरं,” म्हणाले, बॅग उचलून आत नेली, आणि दूधवाल्याला एक लिटर जास्त सांगून आले.

तीन आठवडे ती माझ्याकडं राहिली. सकाळी दहाला पालिकेत, दुपारी जेवायला घरी, नंतर पाय स्टुलावर ठेवून फाइली. ओसरीवर अभियंते आणि कारकून रांगेत बसायचे. टीव्हीवाले आले, त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचं शूटिंग केलं आणि मला ‘मानसकन्येची आई’ करून टाकलं. तात्यांचा फोन आला, “काकू, चहात साखर कमी घाला वो, लईच गोड चाललंय.” मी म्हटलं, “तात्या, अठ्ठावीसला माझं मत आपलंच आहे. खाण्यापिण्याचं मात्र मला विचारू नका.” घरी आलेल्या गरोदर बाईला शिळं वाढायची आमच्यात पद्धत नाही, मग ती कुठल्याही पार्टीची असो.

ती मात्र पाणी तांब्यानं प्यायची. मी एकदा म्हटलं, “सभेच्या दिवशी काय करशील?” तर म्हणाली, “दर अर्ध्या तासाला सभा थांबवीन. कारण इतिवृत्तात लिहायला लावीन.” ती तसं करणार, याबद्दल मला शंका नव्हती.

एका दुपारी मी डिंक निवडत बसले होते. ती पलंगावर पडून म्हणाली, “काकू, ही खोली कुणाची?”

“लेकीची. हेमाची. इचलकरंजीला दिलीय.”

“येतात का?”

“येते. सणाला. संध्याकाळच्या गाडीनं परत जाते.”

“राहत नाहीत?”

तिनं एवढ्या साधेपणानं विचारलं, की मी सांगून बसले. सात वर्षं कुणाशी बोलले नव्हते. हेमा पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा माझी दुसरी निवडणूक. तारीख पुढची होती, पण मतदानाच्या दिवशी सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. हे गाडीवर ड्यूटीला. मी शाळेच्या बूथवर. निरोप आला तेव्हा मी म्हटलं, पहिली खेप आहे, वेळ लागतो, तासाभरात येते. तास तसाच गेला, मग दुसरा. शेजारच्या मुलाणीभाभींनी रिक्षा केली, त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं, रात्रभर त्याच बसल्या. दुसऱ्या दिवशी मतमोजणी. मिरवणूक संपवून संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले, ती कपाळभर गुलाल घेऊन. नर्सनं मला दारातच अडवलं, गुलाल धुऊन या म्हणाली. हेमा भिंतीकडं तोंड करून झोपली होती. पाचव्या दिवशी ती ओली बाळंतीण, बाळ घेऊन सासरी गेली.

जयमाला उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, “निवडून आलात?”

“आले. एकशे बारा मतांनी.”

“मी तुमच्या जागी असते तर मीही बूथवरच थांबले असते, काकू,” ती म्हणाली. “खोटं सांगत नाही. मला भीती वाटते ती त्याचीच.”

मी डिंक निवडत राहिले. ‘तुझं तसं होणार नाही’ असं म्हणायला हवं होतं, पण मला तसं वाटत नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी सातला तिनं न्हाणीघरातून हाक मारली. पाणमोट फुटली होती. ह्यांनी रिक्षा आणली, तिच्या नवऱ्याला फोन केला. तो निवडणूक यादीच्या कामावर दूरच्या खेड्यात, म्हणाला, निघालोच. सोनाबाईंना निरोप गेला. रिक्षात जयमालानं माझा हात असा आवळला होता, की बांगडी रुतली. कळ ओसरल्यावर म्हणाली, “अकराला सभा आहे. तुम्ही जा. आता खुर्ची तुमचीच. मी राग धरणार नाही.”

राग धरणार नाही हे ती मनापासून म्हणत होती, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

तिला आत घेतलं. नर्स कागद घेऊन आली. “पेशंटचे तुम्ही कोण?”

“आई,” मी म्हणाले. तीन आठवडे लोक म्हणत होते ते माझ्या तोंडून पहिल्यांदा आलं. तिनं लिहून घेतलं, मी सही केली.

साडेनऊला तात्यांचा फोन. “काकू, या लवकर. हार-बीर आणून ठेवलाय.” सोनाबाई अजून वाटेत होत्या. मी उठले. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. रिक्षावाला ओळखीचा, त्यानं गाडी सुरूसुद्धा केली. पालिका सात मिनिटांवर. पहिली खेप आहे, वेळ लागतो, असं मी त्याला सांगितलं, आणि माझे शब्द माझ्याच कानांवर पडले. मी परत फिरले आणि आतल्या बाकावर जाऊन बसले. दहा वाजून वीस मिनिटांनी नर्सनं दुपट्यात गुंडाळलेली मुलगी माझ्या हातात दिली. तोवर सोनाबाई आल्या. त्यांच्या ओटीत नात घातली आणि मगच मी सभेला गेले.

सभागृहात सगळे जमले होते. आमच्याकडची प्रथा अशी, की अध्यक्षस्थानी बसणाऱ्यानं आधी कोनाड्यातल्या गणपतीला हार घालायचा, मग खुर्चीवर बसायचं. तात्या स्वतः हाराचं तबक घेऊन उभे. “या काकू. बारा वर्षांचं तप तुमचं.”

खुर्ची चार पावलांवर होती. सागवानी, उंच पाठीची, हातांवर पॉलिश उडालेली. मला ती हवी होती. त्या क्षणीही हवी होती, हे मी लपवत नाही. मी तबकाला हात लावला नाही.

“मला सोयर आहे,” मी म्हणाले.

“कसलं सोयर?”

“लेक बाळंत झाली. मुलगी. आत्ता, दहा वीसला.”

तात्या हसले, मग त्यांचं हसू थांबलं. “काकू, चेष्टा पुरं झाली. ती काय तुमची पोटची हाय?”

“ओटी मी भरली, तात्या. माहेर माझं. चारशे बाया साक्षीला आहेत, माइक तुमच्या हातात होता. लेकीच्या बाळंतपणाचं माहेरी तीन दिवस सोयर. मला देवाला हार घालता येत नाही, आणि हार घातल्याशिवाय इथं कुणी बसलेलं नाही.”

मुख्याधिकारी नवे, तरुण. ते पुस्तक चाळत म्हणाले, “पण मॅडम, कायद्यात सोयराचा असा काही—”

“कायद्यात नसेल, इतिवृत्तात आहे. तात्यांना नातू झाला तेव्हा अध्यक्षस्थानी तेच बसायचे होते. याच कारणानं सभा पुढं ढकलली. काढा वही. सूचक मीच आहे.”

वही काढेपर्यंत मी थांबले नाही. बाहेर आले. जिना उतरताना रडू येत होतं. ते आनंदाचं मुळीच नव्हतं. वर मागं उरले आठ विरुद्ध आठ. माझ्या जागी खुर्चीवर कुणी बसायचं, यावरच मतं समसमान पडली, आणि तीन तास आरडाओरडा करून, वडे खाऊन, सभा तहकूब झाली.

तहकूब सभा सतराव्या दिवशी भरली. जयमाला आली, सोनाबाई बाळ घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. नऊ-नऊ झाले, जयमालानं जादा मत टाकलं, जागा बायांना मिळाली. मी हात तात्यांच्याच बाजूनं वर केला होता. गटाला दिलेला शब्द मोडणारी मी नव्हे. तरी पुढच्या खेपेला तात्यांनी माझं तिकीट कापलं, आणि माझं राजकारण तिथंच संपलं. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. जयमाला पुढं आमदार झाली, तिची मुलगी आता दहावीला आहे. टाकळगावात लोक अजून मला विचारतात, काकू, त्या दिवशी खुर्ची का सोडलीत? मी सांगते, सोयर होतं. लोक हसतात. मीही हसते.

पण मला सांगायचं होतं ते बारशाच्या सकाळचं. सभा तहकूब झाल्याची बातमी पेपरात आली होती, ‘उपाध्यक्षांना सोयर, सभा लांबणीवर’ अशी, चौकट टाकून. बाराव्या दिवशी बारसं माझ्याच घरी होतं. मी न्हाणीत पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. अंगाला तेल चोळलेलं, डाळीचं पीठ लावलेलं. कोमट पाणी ओतत होते. बाळ आधी रडलं, मग पाण्याची सवय झाली तसं गप्प झालं. मी तिला काहीबाही बोलत होते, हातपाय ताणत होते.

दारात सावली पडली. मला वाटलं जयमाला. वर पाहिलं तर हेमा. एकटीच आली होती, हातात पिशवी, पिशवीत पेपराची घडी. ती किती वेळ तिथं उभी होती मला कळलं नाही. मी ‘ये’ म्हणायला तोंड उघडलं.

ती माझ्या हातांकडं बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “तुला येतं होय हे सगळं?”

बाळाच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून एक हात आडवा धरला होता, तो तसाच धरून ठेवला.